सहीपुरता मालक

फारूक शेखने भैयाजींची गाडी अठरा वर्षं चालवली. पहिली गाडी म्हणजे एक म्हातारी जीप होती. तिचा सेल्फ लागत नसे, म्हणून ती कायम उतारावर उभी करावी लागे. भैयाजी तेव्हा पंचायत समितीचे साधे सदस्य होते. जीप अडली की पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून स्वतः धक्का मारायचे, आणि घाम पुसत फारूकलाच विचारायचे, "चाय पेलास का?" पुढे ते आमदार झाले, मधे दोन वर्षं राज्यमंत्रीही झाले. गाड्या बदलत गेल्या, ड्रायव्हर तोच राहिला.

मूल गावच्या बाजारात लोक म्हणत, भैयाजींच्या पोटातलं फारूकला ठाऊक असतं. तसं काही नव्हतं. फारूकला रस्ते ठाऊक होते. कुठल्या गावी भैयाजी जेवतात आणि कुठे नुसता पाण्याचा घोट घेऊन निघतात, तेही ठाऊक होतं. गाडीच्या काचा वर करून मागे जे बोलणं चाले, ते कानावर पडलं तरी मनावर घ्यायचं नाही, हा धडा तो पहिल्या वर्षीच शिकला होता.

आणि त्याच्या मनात उपकाराची एक पक्की गाठ होती. त्याची बायको सुलताना सत्त्याऐंशी साली हृदयाच्या झडपेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. भैयाजींनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात शब्द टाकून तिला खाट मिळवून दिली, आणि ऑपरेशनच्या दिवशी सगळे दौरे सोडून बाहेरच्या बाकावर फारूकच्या शेजारी बसून राहिले. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत. फारूकला रडू आलं तेव्हा त्यांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. तो हात फारूक कधी विसरला नाही.

म्हणून चौऱ्याण्णव साली भैयाजी गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "फारूक, तुही एक सही पाह्यजे," तेव्हा त्याने कशाची म्हणून विचारलंसुद्धा नाही. भैयाजींनीच सांगितलं. मूल-सिंदेवाही रस्त्यावर राईस मिल टाकायची होती.

"आमदाराच्या नावानं मिल असली का लोक बोंबा मारते," ते म्हणाले. "भावाच्या नावानं केली तर भाऊ उद्या म्हनन, माहीच हाय. तू म्हननार नाईस."

फारूकला त्या वाक्याचा अभिमान वाटला. ते वाक्य त्याने घरी जाऊन सुलतानाला सांगितलं, आणि सांगताना त्याची छाती थोडी फुगलीही असावी. पुढच्या आठवड्यात तहसीलजवळच्या कचेरीत बसून त्याने सह्या केल्या. एक नव्हती, वीस-पंचवीस होत्या. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मराठीत सही करायला तो भैयाजींकडे लागल्यावर शिकला होता. कागद संपल्यावर भैयाजींनी विचारलं, "मिलले नाव काय द्याचं?" आणि कोणी काही सुचवायच्या आत स्वतःच म्हणाले, "सुलताना ठेवू. वाचली ना थे."

अशी सुलताना राईस मिल उभी राहिली. तिचा कारभार भैयाजींचा मेव्हणा लच्छू पाही. फारूकचा पगार होता तोच राहिला. फक्त ईदेला मिलमधून एक बारदाना तांदूळ घरी येई, त्यावर निळ्या शाईत बायकोचं नाव छापलेलं असे. एकदा भैयाजी मुंबईला असताना फारूक सहज म्हणून मिलमध्ये गेला होता. हमाल उठून उभे राहिले आणि "या शेठ" म्हणाले. त्यांत थट्टा किती आणि खरेपणा किती हे त्याला कळेना. तो कोंड्याच्या ढिगाजवळ पाच मिनिटं उभा राहिला आणि परत आला. त्यानंतर गेला नाही.

फारूकला एकच मुलगी, रूही. ती चंद्रपूरच्या कॉलेजात बी.ए.ला होती. मावशीकडे राहायची, शनिवारी एसटीने मूलला यायची. तिला वर्तमानपत्र वाचायचं वेड होतं. शहाण्णव सालच्या हिवाळ्यात जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, 'देशोदेशीचे राज्यकर्ते आणि त्यांची संपत्ती'. रूहीने महिनाभर लायब्ररीत बसून टिपणं काढली. आणि योगायोग असा, की बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून भैयाजींनाच बोलावलं होतं. त्यामुळे फारूक गाडी घेऊन तिथे होताच. तो हॉलच्या शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मुलीला माइकपुढे बघायची त्याची ती पहिलीच वेळ.

रूही थोडी घाबरली होती. पहिली दोन वाक्यं भरभर गेली, मग तिचा आवाज स्थिरावला. तिने फिलिपाइन्सचं सांगितलं. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला लोकांनी पळवून लावलं, राजवाड्यात घुसले, तर त्याच्या बायकोचे हजारावर चपला-बुटांचे जोड तिथे सापडले. मग कोरियाचं सांगितलं. दोन माजी राष्ट्राध्यक्ष त्याच वर्षी कैद्यांच्या कपड्यांत कोर्टापुढे उभे होते. इटलीत एक पुढारी हॉटेलातून बाहेर पडला, तर लोकांनी त्याच्या अंगावर नाणी फेकली, घे, हेही घे म्हणून. आणि स्वीडनमध्ये एका बाई मंत्र्यांनी सरकारी कार्डावर स्वतःसाठी खरेदी केली, त्यात चॉकलेटंही होती, तर पंतप्रधान व्हायच्या बेतात असलेल्या त्या बाईंना बाजूला व्हावं लागलं. चॉकलेटवर हॉल हसला. भैयाजीही हसले.

"फरक चोरीचा नाही," रूही म्हणाली. "चोरी सगळीकडे होते. फरक आहे तो विचारणाऱ्यांचा. काही देशांत विचारणारे आहेत. काही देशांत चोरी शोधायला गेलं तर चोराचं नावच कागदावर सापडत नाही. जमीन मेव्हण्याच्या नावावर, कारखाना नोकराच्या नावावर, बंगला ड्रायव्हरच्या नावावर."

फारूकने पाय आखडून घेतले. शेजारी बसलेल्या माणसाने त्याच्याकडे बघितलंही नाही, तरी त्याला वाटलं की सगळा हॉल मागे वळून बघतो आहे.

रूहीला दुसरं बक्षीस मिळालं. ढाल देताना भैयाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि भाषणात म्हणाले, ही माझ्या घरचीच मुलगी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते मनापासून बोलत होते, फारूकला त्यात शंका नव्हती.

परतताना भैयाजी पुढच्या सीटवर बसले. खुशीत असले की ते पुढे बसत. "तुही पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "पन त्या देशात थंडी लय असते फारूक. तिथी मानसाले चॉकलेट पुरते. इथी एका इलेक्शनले किती गावाले जेवू घालाव लागते, थे तिले मालूम नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "मिलचं सांगतलं का तिले?"

"नाई."

"नको सांगू. शिकून राह्यली, शिकू दे."

पुढच्या शनिवारी रूही घरी येऊन भाजी निवडत बसली होती, तेव्हा फारूकने तिला विचारलं, "ड्रायव्हरचं काऊन बोललीस?"

"वाचलं होतं अब्बा. तिकडं तसंच करते." तिने मान वर केली. "का?"

"काई नाई," फारूक म्हणाला.

पण ईदेचा बारदाना स्वयंपाकघरात होताच. आईचं नाव छापलेला. आतापर्यंत रूहीला वाटत आलं होतं की भैयाजींनी प्रेमाने नाव दिलं आहे, तेवढंच. त्या दिवशी ती बारदान्याकडे किती वेळ बघत राहिली ते फारूकने पाहिलं. त्याला वाटलं, आता ही विचारेल. तिने विचारलं नाही. पुढे किती तरी दिवसांनी, सगळं होऊन गेल्यावर, ती त्याला म्हणाली, "मले कळलं होतं अब्बा. मी चार देशाचं बोलली, अन् मूलचं बोलाची हिंमत नाई झाली."

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात, पाऊस धरून बसला होता त्या दिवसांत, गडचिरोलीकडच्या धानोरा भागातल्या एका आश्रमशाळेत दुपारचं जेवण झाल्यावर मुलं ओकायला लागली. एकेचाळीस मुलं. लाकडी डोंग्यातून, बैलबंडीतून, मिळेल त्याने त्यांना दवाखान्यात नेलं. चाळीस वाचली. अकरा वर्षांची जैनी पोटावी नावाची मुलगी वाटेत नाल्याकाठीच गेली. पूर आलेला होता, नाला उतरायची वाट बघत थांबावं लागलं होतं. तांदूळ भिजून किडलेला, बुरशीने काळा पडलेला होता, आणि तो खपवण्यासाठी किडे मारायच्या गोळ्या पोत्यांत टाकून वरवर सुकवून पाठवला होता. गोळ्यांची पूड धुतल्यावरही गेली नव्हती. पोती सरकारी पुरवठ्याची होती, आणि त्यांवर निळ्या शाईत मिलचं नाव होतं.

बातमी छापून आली त्या सकाळी सुलताना बाजारात गेली होती. भाजीवाल्या बाया आपसात बोलत होत्या, "सुलतानाच्या तांदरानं पोरगी मेली." समोर उभी असलेली हीच ती सुलताना, हे त्यांना माहीत नव्हतं. ती थैली तशीच रिकामी घेऊन परत आली आणि फारूकपुढे उभी राहिली.

"मले वाचवलं ना त्याईनं," ती म्हणाली. "मंग माह्या नावानं असं काऊन केलं?"

तिने पुढे कोणालाच आपलं नाव सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "रूहीची अम्मी" एवढंच म्हणे.

पोलीस तिसऱ्या दिवशी आले, फारूकला आणि लच्छूला घेऊन गेले. त्याआधी भैयाजींनी फारूकला बंगल्यावर बोलावलं होतं. ते खरोखर खचलेले दिसले. दाढी वाढलेली, डोळे लाल. "लच्छ्यानं घात केला," ते म्हणाले. "मले मालूम नव्हतं फारूक, तुह्या गळ्याची आन." फारूकचा त्यावर विश्वास बसला, आणि नंतर कितीही विचार केला तरी तो पुरता उडाला नाही. मग भैयाजी म्हणाले, "आठ दिवस. आठ दिवसांत जमानत करून आनतो. फक्त माह्यं नाव घेऊ नको. माह्यं नाव आलं तर तुले सोडवाले कोन राहीन?"

हे बोलणं सरळ होतं, हिशोबाला धरून होतं. फारूकने मान हलवली. निघताना त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. भैयाजींनी ती उचलली नाही, पण परत घे असंही म्हटलं नाही.

आठ दिवसांचे बावीस दिवस झाले. जामीन मिळाला, पण तो भैयाजींच्या वकिलाने मिळवला, आणि त्या वकिलाने फारूकला पहिल्याच भेटीत बजावलं, "जितके विचारते तितकेच बोलाचं." खटला दीड वर्ष चालला. दर तारखेला फारूक मूलहून चंद्रपूरला एसटीने जायचा. बसमध्ये ओळखीचे लोक खिडकीबाहेर बघत. भैयाजींच्या गाडीवर आता नवा ड्रायव्हर होता. रस्त्यात गाडी दिसली तर फारूक नकळत तिचा आवाज ऐके. दुसरा गियर जोरात टाकतो हा पोरगा, एवढं त्याच्या मनात येऊन जाई.

रूही त्याच्याशी भांडली. एकदाच, पण कडकडून. "तुम्ही बोला अब्बा. कोर्टात सांगा मिल कोनाची हाय. त्या पोरीचा बाप कुठी तरी बसला असन, त्याले वाटत असन फारूक शेखनं मारली."

"सहीबी फारूक शेखनंच केली," तो म्हणाला.

"म्हनून तुम्ही मालक झाले का?"

तो रात्रंदिवस तेच मनात घोळवत राहिला. एकीकडे दवाखान्यातल्या बाकावरचा तो हात, आणि दुसरीकडे कधी न बघितलेली, नाल्याकाठी पडलेली एक पोरगी. शेवटी साक्षी संपल्या, आरोपीला काही सांगायचं आहे का असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा फारूक उभा राहिला. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. तो हात त्याने हळूच बाजूला केला.

"मिल माह्या नावाची हाय साहेब," तो म्हणाला. "माही नाई."

"कोणाची आहे?"

त्याने नाव घेतलं. अठरा वर्षांत त्याने भैयाजींचं पूर्ण नाव तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. ते आज आडनावासकट घेतलं.

कोर्टात कुजबुज झाली आणि विरली. सरकारी वकिलाने शांतपणे कागद काढले. परवान्यावर सही फारूक शेखची. विजेच्या अर्जावर, बँकेच्या खात्यावर, पुरवठ्याच्या करारावर, सगळीकडे तीच, जरा थरथरती, 'फा'चा काना लांब ओढलेली. "ही सही तुमची आहे का?" प्रत्येक कागदाला तो "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? भैयाजींचं नाव असलेला एक चिटोराही कुठे नव्हता. त्या दिवसापासून वकील यायचा बंद झाला. आठवडाभरात पेपरात भैयाजींचं निवेदन आलं. ज्याला घरचा माणूस मानलं त्याने स्वतःच्या बचावासाठी आपलं नाव गोवलं, याचं दुःख वाटतं, असं त्यात होतं. फारूकने ते रूहीकडून वाचून घेतलं. 'दुःख' या शब्दावर तो म्हणाला, "खरं असन ते. त्याले दुःख झालं असन."

फारूकला दोन वर्षांची शिक्षा झाली. लच्छूला पुराव्याअभावी सोडलं. त्याच साली निवडणूक झाली, आणि भैयाजी आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले.

रूहीने कॉलेज सोडलं नाही, पण नियमित जाणं थांबवलं. मूलमधल्या एका खासगी शाळेत शिकवायला लागली आणि बाहेरून परीक्षा दिली. महिन्यातून एकदा ती चंद्रपूरच्या तुरुंगात भेटायला येई. जाळीच्या पलीकडून घरची, शाळेची बातमी सांगे. एकदा बोलता बोलता फारूक थांबला आणि म्हणाला, "रूही, तो कोरियाचा मोठा साहेब जेलात गेला म्हन्तलीस ना. त्याचा ड्रायव्हर असन एखादा. त्याचं काय झालं?"

रूही विचारात पडली. तिने मनातल्या मनात सगळी टिपणं चाळली असणार. "पेपरात नव्हतं अब्बा," ती म्हणाली.

"अन् तो इटलीवाला?"

"त्याचंबी नाई."

"कोनीच लिहत नाई," फारूक म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती कळल्यासारखा. भेटीची वेळ संपली होती. रूही बराच वेळ जाळी धरून उभी राहिली, शिपायाने दोनदा सांगेपर्यंत.

सुटल्यावर फारूक दोन महिने घरातच होता. गाडी चालवायला कोणी बोलवेना, आणि तो मागायलाही गेला नाही. मग एक दिवस त्याने सुलतानाला सांगितलं की मी धानोऱ्याकडे जाऊन येतो. तिने भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला.

गडचिरोलीला बस बदलून, पुढे एका फाट्यावर उतरून तो दोन कोस चालला. सागाची पानं गळायला लागली होती. विचारत विचारत तो जैनीच्या बापाच्या, दसरू पोटावीच्या घरी पोचला. मातीचं, स्वच्छ सारवलेलं घर. पन्नाशीचा बारका माणूस अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. फारूकने "जोहार" म्हटलं, दसरूने "जोहार" म्हटलं, आणि कोण कुठला हे न विचारता आधी लोटाभर पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर फारूक म्हणाला, "मी फारूक. त्या मिलचा."

दसरूला कळलं नाही. फारूकने पुन्हा सांगितलं, सावकाश. जैनीने जो तांदूळ खाल्ला तो ज्या मिलमधून आला, ती मिल त्याच्या नावावर होती.

दसरूच्या हातातली कामटी थांबली. कोंबड्या अंगणात टिपत होत्या. "तुमची होती का?" त्याने विचारलं.

"नाई."

"मंग?"

"सही माही होती."

दसरूने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून फारूक वाट बघत होता. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण दसरू जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरगी धान रोवन्याले घरी आली होती. म्हने, शाळेत जात नाई, भात वास मारते. मी म्हन्लो, जाय. तिथी दोन टाईम भेटते. मीच नेऊन सोडलो." मग त्याने आपला उजवा अंगठा वर धरला, कामटीने चिरलेला, काळा. "शाळेत भरती केलो तवा कागदावर मीबी हाच देलतो."

फारूकला काही बोलावंसं वाटलं. तुमचा काय दोष, असं काहीतरी. पण ते बोलायचा अधिकार आपला नाही हे त्याला कळत होतं. तो मान खाली घालून रडला. दसरू रडला नाही. त्याने कामटी बाजूला ठेवली आणि आत वळून बायकोला गोंडीत काही सांगितलं. ती बाहेर आली, फारूककडे एकदा बघितलं आणि आंबिलीचा द्रोण त्याच्यापुढे ठेवून परत आत गेली. आत तिच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

फारूकने फडकं सोडलं आणि भाकरीचा अर्धा भाग दसरूपुढे ठेवला. दसरूने तो घेतला.

परतीची एसटी चार वाजताची होती आणि आत्ता कुठे दुपार कलायला लागली होती. दोघं अंगणात बसून राहिले. दसरू उठला नाही, म्हणून फारूकही उठला नाही.